एका सालाकडे परतलेलं दुकान : न्यूटाउनच्या हाय स्ट्रीटवरचं डब्ल्यू. एच. स्मिथ

१९७५ साली वेल्समधल्या न्यूटाउन गावात डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि लेखनसामग्री विकणाऱ्या कंपनीने हाय स्ट्रीटवरचं, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावरचं, आपलं दुकान दुरुस्तीला काढलं. दुकानदार दुरुस्ती काढतो ती सहसा दुकान नवं दिसावं म्हणून. इथे कंपनीने ठरवलं की काम संपेल तेव्हा हे दुकान १९२७ साली उघडलं तेव्हा जसं होतं तसं दिसायला हवं. ओकच्या लाकडाचा दर्शनी भाग, रंगीत चिनी मातीच्या फरशा, आरसे, गिलाव्यातलं उठावाचं नक्षीकाम, सगळं त्या सालाला धरून. वरच्या मजल्यावर कंपनीच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय केलं आणि खाली पेपर, पेनं, वाढदिवसाची कार्डं यांची विक्री पूर्वीसारखीच चालू ठेवली.

हे घडलं ते साल लक्षात ठेवण्याजोगं आहे. दोनच वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, याच कंपनीने नवं बोधचिन्ह घेतलं होतं : नारिंगी-तपकिरी रंगातला चौकोनी ठोकळा आणि त्यात तीन अक्षरं. गावोगावच्या दुकानांवर ते चढत होतं. जुन्या लाकडी पाट्या उतरवून प्लास्टिकच्या, आतून दिवे लावलेल्या पाट्या लावायचा तो काळ. म्हणजे एकाच कंपनीने एका हाताने आपली जुनी दुकानं बदलायला घेतली आणि दुसऱ्या हाताने एक दुकान मुद्दाम मागे नेलं. जुन्या इमारतींच्या जतनाचा विचार करताना मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा समोर घेते ते याचसाठी. जुनी वास्तू मूळ रूपात आणायची असं आपण सहज म्हणून जातो. पण मूळ म्हणजे कुठलं साल? आणि ते कोणी ठरवायचं?

आधी गाव पाहू. न्यूटाउनचं वेल्श नाव य द्रेनेविद. दोन्ही नावांचा अर्थ नवं गाव, आणि हे नवेपण साडेसातशे वर्षांचं. १२७९ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने इथे बाजार भरवायची सनद दिली. सेव्हर्न नदीच्या वळणावर आखीव रस्त्यांचं बाजारगाव उभं राहिलं. अशा आखून वसवलेल्या गावांत रस्त्याकडेची जागा मोलाची, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला रस्त्यावर थोडी रुंदी आणि मागे लांबच लांब जागा यायची. समोरून अरुंद, आत खोल. पुण्या-साताऱ्याच्या पेठांतली घरं पाहिलेल्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. दुकानाची रचना करणाऱ्यापुढे यातून एक जुनाच पेच उभा राहतो : रस्त्यावरून दिसायला जागा कमी, आणि आत जावं तसा उजेड कमी.

एकोणिसाव्या शतकात हे गाव फलालीन विणण्यासाठी नावाजलं. लीड्स हे इंग्लंडमधलं लोकरीच्या कापडाचं मोठं शहर, म्हणून तेव्हा न्यूटाउनला वेल्सचं लीड्स म्हणत. आपल्याकडे आजीच्या ट्रंकेत जी फलालीन असायची, थंडीतल्या बाळाच्या अंगड्यासाठी जपून ठेवलेली, तिचं नाव इंग्रजीतून आपल्याकडे आलं, आणि त्या इंग्रजी शब्दाचं मूळ बहुतेक अभ्यासक वेल्शमधल्या लोकरीच्या शब्दात, ग्वलानमध्ये, शोधतात. याच गावात १७७१ मध्ये रॉबर्ट ओवेन जन्मला, सहकारी चळवळ ज्याला आपला आद्यपुरुष मानते तो. म्हाताऱ्यापणी तो गावी परतला आणि १८५८ मध्ये इथेच वारला. आणि याच गावात प्राइस प्राइस-जोन्स नावाच्या कापड-व्यापाऱ्याने टपालाने ऑर्डर घेऊन रेल्वेने माल पाठवायचा धंदा इतका वाढवला की १८७९ मध्ये स्टेशनाजवळ लाल विटांची एक अवाढव्य इमारत बांधावी लागली, रॉयल वेल्श वेअरहाउस. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि खुद्द व्हिक्टोरिया राणी त्याच्या गिऱ्हाइकांत होत्या. त्या इमारतीला स्टेशनाचा शेजार हवा होता, कारण तिची बहुतेक गिऱ्हाइकं गावात कधी पाऊलही टाकणार नव्हती.

स्मिथच्या दुकानाची गोष्ट याच्या अगदी उलट्या टोकाने येते. इथे धंदाच रेल्वेच्या फलाटावर वाढला आणि मग गावातल्या रस्त्यावर उतरला. त्या उतरण्याची हकीकत कळल्याशिवाय न्यूटाउनचा ओकचा दर्शनी भाग नीट वाचता येत नाही.

कंपनीची सुरुवात १७९२ ची. लंडनच्या लिटल ग्रोव्हनर स्ट्रीटवर हेन्री वॉल्टन स्मिथ आणि त्याची बायको अ‍ॅना यांनी वर्तमानपत्रांचं छोटं दुकान घातलं. नवरा लवकरच वारला आणि दुकान अ‍ॅनाने चालवलं, पुढे मुलांच्या हाती दिलं. खरा पालट झाला १८४८ मध्ये, लंडनच्या युस्टन स्टेशनावर कंपनीने पुस्तकांचा स्टॉल टाकला तेव्हा. रेल्वे पसरली तसे स्टॉल पसरले, आणि आगगाडीत बसून वाचणं ही एक नवीच सवय देशाला लागली. आपल्याकडे हे काम व्हीलरने केलं. ए. एच. व्हीलर कंपनी १८७७ मध्ये अलाहाबादला सुरू झाली, आणि मनमाड, भुसावळच्या फलाटावर गाडी सुटायच्या आत घाईघाईने मासिक विकत घेतलेल्या मराठी माणसाला रेल्वेचा बुकस्टॉल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

पण फलाट दुसऱ्याच्या मालकीचा असतो. १९०५ मध्ये दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांनी, ग्रेट वेस्टर्न आणि लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न यांनी, भाडं वाढवून मागितलं. बोलणी फिसकटली आणि वर्षअखेर सुमारे अडीचशे स्टॉल हातचे जाणार हे ठरलं. कंपनीच्या भागीदारांपैकी सेंट जॉन हॉर्नबी याने धाडसी मार्ग काढला : स्टेशनातून बाहेर पडायचं, पण स्टेशनाच्या वाटेवरच दुकानं घ्यायची, म्हणजे गाडीला जाणारा माणूस आधी आपल्याकडे थांबेल. जेमतेम दोन-अडीच महिन्यांत सुमारे दीडशे दुकानं उघडली. माणसं, माल, जागा, पाट्या, सगळं त्या थंडीत उभं केलं.

या घाईतून कंपनीला एक गरज कळली, आणि माझ्या मते न्यूटाउनच्या दुकानाचं बीज तिच्यात आहे. फलाटावरच्या स्टॉलला ओळख लागत नाही, कारण तिथे तो एकटाच असतो. रस्त्यावर खाटीक, चांभार, औषधवाला, कापडवाला या सगळ्यांच्या ओळीत उभं राहायचं तर लांबून ओळखू यायला हवं. हॉर्नबी नुसता व्यापारी नव्हता. अ‍ॅशेंडीन प्रेस हा स्वतःचा खाजगी छापखाना तो हौसेने चालवायचा, आणि अक्षरांचं वळण, कागद, शाई यांत त्याचा जीव होता. १९०३ मध्ये पॅरिसच्या दुकानासाठी त्याने एरिक गिल या तरुण अक्षरकाराकडून पाटीची अक्षरं काढून घेतली होती. पुढे गिलचं हे रोमन वळण कंपनीच्या सगळ्याच पाट्यांवर आलं. सेप्टिमस स्कॉट या चित्रकाराने पेपर विकणाऱ्या पोऱ्याचं चित्र काढलं, आणि ते लोखंडी दांड्यावर टांगलेल्या पाटीच्या रूपात दुकानांबाहेर लागलं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं की इथे पेपर मिळतो. दुकानांची बांधणी सांभाळायला कंपनीने स्वतःचं खातं उभं केलं, आणि फ्रँक बेलिस याच्या हाताखाली त्या खात्याने अनेक वर्षं दुकानं घडवली.

न्यूटाउनचं दुकान १९२७ चं. म्हणजे १९०५-०६ च्या त्या धावपळीनंतर वीस-एकवीस वर्षांनी, हात बसल्यावर, सवड काढून केलेलं. त्याचा दर्जा त्याच्या लाकडातच दिसतो.

ओक आपल्याकडे फारसं ओळखीचं नाही, म्हणून सागवानाशी ताडून सांगते. सागात स्वतःचं तेल असतं. पावसात उभं राहायला ते त्याला पुरतं. ओकमध्ये तेल नाही, टॅनिन आहे, तेच द्रव्य ज्याने चामडं कमावतात. ते कीड आणि कूज दूर ठेवतं, पण लोखंडाशी त्याचं वैर. ओकमध्ये लोखंडी खिळा ठोकला आणि ओल लागली की खिळ्याभोवती शाईसारखा काळा-निळा डाग पसरतो. म्हणून जाणता सुतार ओकच्या दर्शनी कामात पितळी स्क्रू वापरतो, किंवा लाकूड लाकडात बसवून आरपार लाकडाचीच खुंटी मारतो. जुनं ओककाम तपासताना मी पहिल्यांदा हेच शोधते : सांध्यापाशी काळा डाग आहे का? असला तर पुढच्या कुणीतरी घाईत केलेलं काम आहे. ओकचा ओंडका मध्यातून, अरीय दिशेने कापला तर फळीवर चकचकीत आडव्या लहरी उमटतात, जणू रेशमाच्या घडीवर उजेड पडावा. त्यासाठी लाकूड जास्त वाया जातं, म्हणून स्वस्त कामात त्या लहरी दिसत नाहीत. दुकानाच्या चौकटीसाठी ओक निवडणं म्हणजे रंग लावून दर काही वर्षांनी नवं करायची सोय सोडून देणं. ओकला रंग नको असतो. तो पिकत जातो, राखाडी-मधाळ होतो. ज्याला एका जागी टिकायचं आहे तोच हे लाकूड घेतो.

आणि ते घेण्यामागे आसपासच्या मुलुखाचा विचारही होता. मॉन्टगोमेरीशर हा न्यूटाउनचा जुना परगणा. या परगण्यात ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा आणि मध्ये पांढरा गिलावा अशा काळ्या-पांढऱ्या घरांची जुनी परंपरा आहे. लंडनहून आलेल्या साखळी दुकानाने इथल्या रस्त्यावर लाकूड दाखवायचं ठरवलं तर ते परकं वाटत नाही. १९२० च्या दशकात इंग्लंड-वेल्समध्ये जुन्या हस्तकलेकडे वळण्याची ओढ होती, आणि स्मिथच्या दुकानांनी ती मनापासून स्वीकारली होती. यंत्राने छापलेला माल विकणाऱ्या दुकानाने स्वतः मात्र हाताने घडवलेलं दिसावं, ही इच्छा मला हृद्य वाटते. हॉर्नबीच्या छापखान्याचा संस्कार थेट उंबरठ्यापर्यंत आलेला आहे.

उंबरठ्याशीच फरशा आहेत. डॉर्सेटमधल्या पूल गावच्या कार्टर आणि कंपनीने १९२० च्या दशकात स्मिथच्या दुकानांसाठी चित्रांच्या फरशा घडवल्या. पुस्तकं, नकाशे, लेखनसामग्री, दुकानात जे मिळतं ते चित्रात. पूल पॉटरी या नावाने पुढे जी भांडी घरोघरी गेली ती याच कुटुंबातली, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेच्या काही स्टेशनांतल्या चित्रांच्या फरशाही याच कारखान्यातल्या. पाटीऐवजी फरशी का, याचं उत्तर हवेत आहे. वेल्सचा पाऊस वर्षभर रिपरिपत असतो. त्यात रंगवलेली पाटी फिकी पडते, पोपडे धरते. फरशीवरचा रंग मात्र झिलईबरोबर भट्टीत पक्का झालेला असतो. सकाळी दुकान उघडताना ओल्या फडक्याने पुसलं की तो पहिल्या दिवसासारखा. न्यूटाउनच्या फरशा आजही याची साक्ष देतात.

पण फरशीचा एक तोटा तिला वाचवूनही गेला. ती चुन्या-सिमेंटात घट्ट बसवलेली असते, काढायला गेलं की फुटते. म्हणून पुढच्या काळात ज्या दुकानांना ही चित्रं जुनाट वाटली त्यांनी ती काढली नाहीत, वरून फळ्या ठोकून झाकली. काही गावांत पुढे कधीतरी त्या फळ्या निघाल्या आणि आतून चित्रं जशीच्या तशी बाहेर आली. फर्निचर पटकन निघतं म्हणून पटकन हरवतं. आरसे तर सगळ्यांत आधी जातात.

आरशांचं काम शोभेपुरतं नव्हतं. मघाशी म्हटलेला अरुंद-खोल जागेचा पेच आठवा. १९२७ च्या दुकानात दुपारी चार वाजता, हिवाळ्यात, आतल्या टोकाच्या कप्प्यावरचं पुस्तकाचं नाव वाचता आलं पाहिजे. पुढच्या काचेतून येणारा उजेड आरसा पकडतो आणि आत फेकतो. भिंतही मागे सरकल्यासारखी होते आणि चार माणसं उभी असली तर आठ दिसतात, दुकान भरलेलं वाटतं. गिलाव्यातलं उठावाचं काम वर, नजरेच्या रेषेच्या वर आहे, कारण खालची प्रत्येक वीत मालाने व्यापलेली. दुकानाच्या वास्तुकलेत भिंत कधीच रिकामी नसते, आणि म्हणून सजावटीला छताजवळची पट्टी तेवढी उरते. देवळाच्या किंवा वाड्याच्या वास्तूचे नियम इथे लावून चालत नाहीत. दुकानात वास्तुकार मालाच्या मागे उभा असतो.

आता १९७५ कडे येते, कारण पेच तिथे आहे.

त्या वेळी न्यूटाउन स्वतः दुसऱ्यांदा नवं होत होतं. १९६७ मध्ये सरकारने त्याला वाढवायचं नवं नगर म्हणून जाहीर केलं. मध्य वेल्समधून तरुण कामासाठी बाहेर जात होते, त्यांना थोपवायला घरं आणि कारखाने उभे राहू लागले. गावाच्या कडेला नव्या वसाहती, आणि मध्यात जुना बाजाररस्ता. दुसरीकडे १९७५ हे युरोपभर वास्तुवारसा वर्ष म्हणून पाळलं जात होतं. अशा काळात एका साखळी दुकानाने आपलं जुनं रूप परत आणावं, यात काळाची हवाही आली.

जतनाचं शास्त्र शिकलेल्याला मात्र इथे अडखळायला होतं. वास्तुजतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वं मांडणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबलं पाहिजे. आणि इमारतीवर वेगवेगळ्या काळांनी केलेल्या भरीचा मान राखला पाहिजे, एकच शैली साधणं हा हेतू असू नये. त्याच्याही आधी, १८७७ मध्ये, विल्यम मॉरिस या इंग्लिश कवी-कलाकाराने जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती नेमकी या रागातून, की चर्चं मध्ययुगीन करायच्या नादात लोक मधल्या शतकांचं सगळं खरवडून काढत होते. या कसोटीवर न्यूटाउनचं काम कसं उतरतं? १९२७ ते १९७५ या अठ्ठेचाळीस वर्षांत त्या दुकानाने जे जे अंगावर घेतलं, युद्धकाळातली काटकसर असो की १९५० च्या दशकातले नवे कप्पे, ते बाजूला सारून एकच साल वर आणलं. हे मॉरिसला रुचलं नसतं असं मला वाटतं.

तरीही मी या कामाच्या बाजूने उभी राहते, आणि त्याची कारणं माझ्यापाशी ठाम आहेत.

पहिलं, हे साल अंदाजाने काढलेलं नव्हतं. चर्चच्या पुनरुज्जीवनात वास्तुकार सातशे वर्षांपूर्वीचं मन कल्पनेने उभं करतो. इथे तेच मालक होते, तोच धंदा होता, आणि अठ्ठेचाळीस वर्षं हा एका माणसाच्या नोकरीचा काळ आहे. हे दुकान नवं असताना ज्यांनी पाहिलं ते लोक गावात चालते-बोलते होते. शिवाय ही कंपनी आपले कागद जपणारी होती. तिचे जुने दस्तऐवज आज रेडिंग विद्यापीठात अभ्यासकांसाठी ठेवलेले आहेत.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं. न्यूटाउनचं दुकान एकटं वाचायची वास्तूच नव्हती. ते एका मोठ्या कुटुंबातलं एक भावंड होतं, शेकडो दुकानांतलं एक. एरवी एखादी वास्तू अद्वितीय असते म्हणून आपण ती जपतो. हे दुकान मोलाचं झालं ते मुळात त्याच्यासारखी पुष्कळ होती आणि ती वेगाने नाहीशी होत होती म्हणून. बाकी भावंडांवर नारिंगी ठोकळे चढत असताना एकाला मूळ वेषात ठेवलं नाही, तर १९२० च्या दशकातला तो सगळा प्रयोग, लाकूड, अक्षर, फरशी, टांगती पाटी यांनी मिळून केलेली ओळख, फक्त फोटोत उरली असती. साखळी दुकानांच्या वास्तूला आपण सहसा वारसा मानत नाही. ती सगळीकडे सारखी, म्हणून कुठलीच आपली नाही, अशी समजूत. पण एका पिढीच्या हजारो माणसांनी एकाच प्रकारच्या उंबरठ्यावरून आत जाऊन पहिली पाटी-पेन्सिल, पहिला नकाशा विकत घेतला असेल, तर त्या उंबरठ्याला इतिहास आहे.

तिसरं, ते दुकानच राहिलं. संग्रहालय वर गेलं, खाली गल्ला चालू राहिला. मला या निर्णयात सगळ्यांत शहाणपण दिसतं. लाकूड वापरात असलं की तेलपाणी होतं, दार रोज उघडलं की बिजागरी गंजत नाही, आणि फरशी कुणीतरी पुसतंच. नुसतं पाहायला ठेवलेलं दुकान हळूहळू धूळ खातं. इथे सकाळी पेपर घ्यायला आलेली बाई ओकच्या चौकटीतून आत जायची आणि तिला संग्रहालयाचं तिकीट काढावं लागत नसे.

किंमत मोजावी लागली नाही असं नाही. मधल्या अठ्ठेचाळीस वर्षांचा थर गेला तो गेलाच. आज तसं काम हाती आलं तर मी प्रत्येक काढलेल्या फळीचा फोटो, माप आणि रंगाचा नमुना ठेवायला सांगेन, आणि निदान एक कोपरा, मागच्या बाजूला का होईना, १९५० च्या अवस्थेत सोडायला सांगेन. पण १९७५ मध्ये विसाव्या शतकातल्या दुकानाला वारसा म्हणायलाच फारसं कुणी तयार नव्हतं. त्या काळाच्या मानाने हे काम पुढचं होतं.

जाता जाता एक गोष्ट, कारण ती याच घराण्यातली आहे. हाताशी असलेलं एखादं अलीकडचं मराठी पुस्तक उलटं करा. मागे बहुधा तेरा आकड्यांचा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा जगभर चालणारा क्रमांक, दिसेल. त्याची सुरुवात याच कंपनीच्या गोदामातून झाली. १९६० च्या दशकात स्विंडनला संगणकावर चालणारं नवं गोदाम उभं करायचं होतं आणि लाखो पुस्तकं नावाने शोधणं अशक्य होतं. कंपनीने संख्याशास्त्रज्ञ गॉर्डन फॉस्टर यांच्याकडून नऊ आकड्यांची पद्धत बांधून घेतली. १९७० मध्ये ती दहा आकड्यांची होऊन जगाने स्वीकारली, आणि पुढे आकडे तेरा झाले. एका बाजूला ओकच्या लहरी जपणारी आणि दुसऱ्या बाजूला पुस्तकाला आकडा देणारी, ती एकच कंपनी. मला यात विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे एकच काळजी आहे : माणसाला हवी ती वस्तू सापडली पाहिजे.

या प्रकरणाचं शेवटचं पान अलीकडचं आहे. २०२५ मध्ये कंपनीने आपला हाय स्ट्रीटवरचा धंदा, सुमारे ४८० दुकानं, मोडेला कॅपिटल या गुंतवणूक कंपनीला विकला. स्टेशनं, विमानतळ आणि रुग्णालयांतली दुकानं तेवढी स्वतःकडे ठेवली. नावही स्वतःकडेच ठेवलं. रस्त्यावरच्या दुकानांना टीजी जोन्स हे नवं नाव मिळालं. १९०५ च्या हिवाळ्यात फलाटावरून रस्त्यावर उतरलेलं नाव एकशेवीस वर्षांनी पुन्हा फलाटावर परतलं.

आता न्यूटाउनसारख्या दुकानापुढचा प्रश्न वास्तूच्या अंगाने विचारते. वेल्समध्ये वारसा म्हणून सरकारी सूचीत घेतलेल्या इमारतीचं लाकूड, फरशी, आतलं पक्कं बसवलेलं काम यांना कायद्याचं संरक्षण मिळतं. २०२३ च्या वेल्सच्या ऐतिहासिक पर्यावरण कायद्याने या तरतुदी एकत्र आणल्या आहेत. बदल करायचा तर परवानगी लागते. पण कायदा परवानगीशिवाय खांबाला हात लावू देत नाही, दुकानात पेपर विकलाच पाहिजे असं मात्र सांगू शकत नाही. आणि इथे तर नावच वास्तूचा भाग आहे. ज्या दुकानाची सगळी रचना एका नावाची अक्षरं लांबून वाचता यावीत म्हणून झाली, त्याच्या कपाळावरून ते नाव निघालं तर उरलेलं वाक्य अपुरं राहतं.

माझ्याकडे अशी फाइल आली तर मी काय सुचवेन ते लिहून ठेवते. नव्या मालकाला आपलं नाव लावायचा हक्क आहे, तो नाकारू नये. पण जुनी अक्षरं खरवडायची नाहीत, वरून रंगवायची नाहीत. नवी पाटी वेगळ्या, हलक्या चौकटीवर करावी, आणि ती चौकट आहे त्याच भोकांत, पितळी स्क्रूंनी, जुन्या फळीपासून बोटभर अंतर ठेवून बसवावी, म्हणजे मागे हवा खेळेल आणि ओल साचणार नाही. ओकमध्ये एकही नवं भोक नको. फरशांना तर कुणी हातच लावायचा नाही, चिकटपट्टीने जाहिरात चिकटवायलासुद्धा नाही. गोंद काढताना पातं चालवतात आणि झिलईवर ओरखडा उठतो, तो भरत नाही. टांगत्या पाट्यांचे दांडे, पाटी असो वा नसो, जागेवर राहू द्यावेत. वरच्या संग्रहालयातल्या वस्तू आणि कागद कुठे जाणार हे दुकान हस्तांतरित व्हायच्या आत लेखी ठरावं, आणि पहिली विचारणा न्यूटाउनला व्हावी. अनेक दशकं त्या वस्तू त्या गावाने सांभाळल्या आहेत.

आणि अक्षरं खरंच काढावी लागलीच, तर काढण्याआधी सकाळच्या तिरक्या उन्हात एक फोटो घ्यावा. वर्षानुवर्षं ऊन लागलेल्या ओकवर अक्षराखालचा भाग वेगळ्या रंगाचा राहिलेला असतो. अक्षरं उतरली तरी लाकडावर नाव वाचता येतं.